पहिली गाडी उशिरा, दुसरी सुटून गेलेली: स्थानकावर दाद मागायची तरी कोणाकडे?

गोदाकाठचा

मराठवाड्यातून उत्तरेकडे जायचे म्हटले की थेट गाड्या मोजक्याच, आणि त्यांचे आरक्षण उघडल्या उघडल्या संपते. त्यामुळे आमच्याकडची बरीच मंडळी एका गाडीने मुख्य मार्गावरचे जंक्शन गाठतात आणि तिथून दुसरी गाडी पकडतात. गेल्या महिन्यात वृद्ध आईवडिलांना घेऊन मी तसाच निघालो होतो. दोन्ही तिकिटे ऑनलाइन काढलेली, दोन्ही कन्फर्म, आणि मध्ये दोन तासांहून अधिक अवधी. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी आमची गाडी जागोजागी उभी राहत गेली आणि शेवटी, फलाट डोळ्यांना दिसत असताना, आउटरला अडकून पडली. आम्ही उतरलो तेव्हा पुढची गाडी निघून गेलेली होती.

गाडी चुकल्याचा मला तितकासा राग नाही. रेल्वेने प्रवास करणाऱ्याने तेवढी तयारी ठेवलेलीच असते. धागा काढला आहे तो त्यानंतर स्थानकावर जे झाले त्याबद्दल. चौकशी खिडकीवरच्या गृहस्थांनी मान वर न करता "ऑनलाइन तिकीट आहे ना, मग ऑनलाइनच बघा" असे सांगितले. आरक्षण खिडकीवर "इथे फक्त खिडकीवरच्या तिकिटांचे काम होते" हे उत्तर मिळाले. उपस्टेशन अधीक्षकांच्या खोलीत फोन संपेपर्यंत उभे राहिल्यावर "टीडीआर टाका" एवढेच ऐकायला मिळाले. टीडीआर म्हणजे न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मागण्याचा अर्ज; तो किती वेळात टाकायचा, कोणते कारण निवडायचे, मुळात आमची दोन तिकिटे एकमेकांना जोडलेली आहेत की नाहीत, यांपैकी एकही गोष्ट त्यांनी विचारली नाही आणि सांगितलीही नाही. रात्री आईवडिलांची राहायची सोय लावली, दुसऱ्या दिवशी टीडीआर भरला, आणि काही आठवड्यांनी तो नामंजूर झाल्याचे कळले.

अशा वेळी प्रवाशाचा हक्क नेमका कोणता, आणि तो सांगण्याची जबाबदारी स्थानकावरच्या कोणत्या माणसाची, हे जाणकारांनी कृपया लिहावे.


मीनल_ठाणे

आपल्या तिकिटांचे पैसे कुठे अडकले असावेत याचा अंदाज करता येतो. १ एप्रिल २०१९ पासून रेल्वेने दोन पीएनआर (तिकिटांचे आरक्षण क्रमांक) एकमेकांना जोडण्याची सोय दिली आहे. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे भाडे रद्द करण्याचे शुल्क न कापता परत मिळते. मात्र त्यासाठी तिकिटे खरोखरच जोडलेली असावी लागतात. केवळ एकाच माणसाने एकाच दिवशी काढली म्हणून ती जोडलेली ठरत नाहीत. दोन्ही तिकिटांवरील प्रवाशांचा तपशील तंतोतंत जुळावा लागतो, आणि पहिली गाडी जिथे उतरवते तेच स्थानक, किंवा त्याच गटात रेल्वेने धरलेले जवळचे स्थानक, दुसऱ्या तिकिटाचे सुरुवातीचे स्थानक असावे लागते.

दुसरी अट वेळेची आहे, आणि बहुतेकांचे पैसे तिथेच बुडतात. पहिली गाडी त्या स्थानकावर प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत ई-तिकीट असेल तर टीडीआर भरावा लागतो, आणि खिडकीवरचे तिकीट असेल तर ते खिडकीवर जमा करावे लागते. रात्री लॉज शोधून, जेवून, झोपून सकाळी अर्ज भरणाऱ्याला हा नियम काहीही देत नाही. आपल्याला "टीडीआर टाका" असे सांगणाऱ्या अधिकाऱ्यांनी "तीन तासांत" हे दोन शब्द जोडले असते, तर त्यांचे काही खर्च झाले नसते.


खडखडाट

नियम ठीक आहेत, पण मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. आउटरला उभ्या असलेल्या गाडीत पुढच्या गाडीचे प्रवासी आहेत हे रेल्वेला कळत नाही का? दहा मिनिटे ती गाडी थांबवली असती तर टीडीआरही नको आणि लॉजही नको. एसटीचा आगारप्रमुखसुद्धा शेवटची गाडी थोडी थांबवून ठेवतो.


निवृत्त_वाणिज्य

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या वाणिज्य विभागात गेली, त्यामुळे खिडकीच्या आतल्या बाजूने काही सांगतो.

गाडी थांबवून ठेवण्याचा अधिकार स्टेशन मास्तरांकडे नसतो. गाड्या कोणत्या क्रमाने सोडायच्या, कोणाला आधी वाट द्यायची, हे विभागीय नियंत्रण कक्षातला सेक्शन कंट्रोलर ठरवतो. गर्दीच्या मार्गावर एक गाडी दहा मिनिटे धरली की तिच्या मागच्या गाड्या अडकतात, आणि त्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब कोणाच्या तरी नावावर 'डिटेन्शन' म्हणून लिहिला जातो. काही ठरावीक गाड्यांसाठी मेळ राखण्याची पद्धत पूर्वीपासून आहे, विशेषतः शाखामार्गावरच्या गाडीला मुख्य मार्गावरच्या गाडीची वाट पाहायला लावतात. पण दोन वेगवेगळी तिकिटे काढून प्रवाशाने स्वतः जुळवलेला मेळ रेल्वेच्या कागदावर कुठेच नसतो. गाडीत असे किती लोक बसले आहेत हे नियंत्रण कक्षाला आपोआप कळत नाही.

कळवता मात्र येते, आणि ते फारच थोडे लोक करतात. गाडी उशिरा धावते आहे हे दिसताच डब्यातल्या टीटीईला (तिकीट तपासनिसाला) पुढच्या गाडीचा क्रमांक आणि आपण किती जण आहोत हे सांगावे. पाच-सहा जणांचे एकच म्हणणे असेल तर तो नियंत्रण कक्षाला फोन करतो. १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर किंवा रेल मदद ॲपवर तक्रार नोंदवली तरी ती विभागाच्या नियंत्रण कक्षापर्यंत जाते. याने गाडी थांबेलच असे नाही. अनेकदा थांबत नाहीच. पण फलाट बदलून समोरचा मिळणे, किंवा पुढच्या गाडीच्या टीटीईला निरोप जाणे, एवढ्या गोष्टी मी घडताना पाहिल्या आहेत.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी वेळापत्रक वाचणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीचा वक्तशीरपणा तिच्या शेवटच्या स्थानकावर मोजला जातो. म्हणून वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात जास्तीचा वेळ ठेवलेला असतो. अखेरच्या दोन स्थानकांमधले अंतर लहान आणि वेळ मात्र भरपूर, असे आपण पाहिले असेल. वाटेत तासभर मागे पडलेली गाडी त्या टप्प्यात वेळ भरून काढते आणि कागदावर वेळेवर पोहोचते. मधल्या जंक्शनवर उतरणाऱ्याला त्या शिल्लक वेळेचा काहीच उपयोग होत नाही. त्यामुळे गाडी बदलायचीच असेल आणि निवड हातात असेल, तर पहिली गाडी जिथे संपते तिथे बदलावी. मध्येच उतरून बदलणे नेहमीच जास्त जोखमीचे.


खडखडाट

शेवटचा मुद्दा मला नवा होता. पण मग हेही मान्य करावे लागेल की मधल्या स्थानकावरचा उशीर रेल्वेच्या दृष्टीने जवळपास उशीरच नव्हे. ज्याची मोजदाद होत नाही त्याची काळजी खिडकीवरच्या माणसाने तरी का करावी?


भीमाकाठी

जंक्शनचे नाव नीट वाचण्याबद्दल एक सूचना, कारण आमच्या भागात यावरून दर आठवड्याला कोणाची तरी धावपळ होते. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आता दौंड जंक्शनमध्ये येतच नाहीत. पूर्वी तिथे इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. ते टाळण्यासाठी दौंड कॉर्ड लाइन हे वेगळे स्थानक केले आहे आणि त्या गाड्या तिथे थांबून परस्पर पुण्याकडे वळतात. नागपूर किंवा अहिल्यानगरकडून येऊन सोलापूरची गाडी धरायची असेल, तर तिकिटावर दौंड आहे की दौंड कॉर्ड लाइन आहे हे पाहावेच लागते. दोन्हींमध्ये रिक्षा करावी लागते, आणि रात्री कॉर्ड लाइनच्या फलाटावर उतरल्यावर ती मिळेल याचा भरवसा नाही. मुंबईतही दादर, कुर्ल्याचे टर्मिनस आणि सीएसएमटी या तिघांना "मुंबईच" समजून तासाभराचा मेळ बसवणारे लोक भेटतात.


ॲड_विदर्भ

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर महत्त्वाचा निकाल दिला. एक कुटुंब २०१६ साली रेल्वेने जम्मूला निघाले होते आणि तिथून त्यांना श्रीनगरचे विमान पकडायचे होते. गाडी चार तास उशिरा पोहोचली, विमान गेले, आणि त्यांना टॅक्सी करून श्रीनगर गाठावे लागले. रेल्वेचा युक्तिवाद असा होता की कोचिंग टॅरिफमधील (प्रवासी भाड्याच्या नियमावलीतील) नियमांनुसार गाडी उशिरा धावल्याबद्दल भरपाई देण्याची जबाबदारी तिच्यावर येत नाही. न्यायालयाने तो मानला नाही. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने पुराव्याने दाखवले पाहिजे, आणि ते न दाखवल्यास ती सेवेतील त्रुटी ठरते, असा त्या निकालाचा आशय आहे. टॅक्सीचे १५,००० रुपये, प्रवासाच्या आरक्षणापोटी १०,००० रुपये, आणि मनस्ताप व खटल्याचा खर्च म्हणून प्रत्येकी ५,००० रुपये देण्याचा आदेश कायम राहिला.

याचा अर्थ प्रत्येक चुकलेल्या गाडीचे पैसे मिळतील असा कोणी काढू नये. निव्वळ भाड्याच्या परताव्याचा वाद रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या अखत्यारीत येतो; त्याची खंडपीठे आपल्याकडे मुंबई आणि नागपूर येथे आहेत. लॉज, टॅक्सी, चुकलेले विमान, मनस्ताप अशा नुकसानीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दोन्ही ठिकाणी कागद बोलतो. म्हणून गाडी किती वाजता पोहोचली याचा तिथल्या तिथे स्क्रीनशॉट काढून ठेवावा, लॉजची पावती नावानिशी घ्यावी, आणि १३९ किंवा रेल मददचा तक्रार क्रमांक जपावा. स्थानकावरच्या माणसाने तोंडी दिलेले उत्तर आयोगापुढे सिद्ध करणे फार अवघड जाते. त्याच वेळी नोंदवलेली तक्रार मात्र तारीख आणि वेळेसह उभी राहते.


सई_फ्रँकफर्ट

इकडच्या अनुभवाची भर घालते. जर्मनीतल्या गाड्या वेळेवर धावतात हा समज आता सोडून द्यावा. २०२४ मध्ये इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या, त्यामुळे मेळ चुकणे हा आमच्याकडेही रोजचाच विषय आहे. फरक पडतो तो चुकल्यानंतर. एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास असेल आणि मुक्कामी किमान वीस मिनिटे उशीर होणार हे दिसत असेल, तर ठरावीक गाडीचे बंधन आपोआप उठते आणि त्या तिकिटावर पुढच्या कोणत्याही योग्य गाडीत बसता येते. कोणाची परवानगी मागायची गरज नसते. मुक्कामी तासाभराचा उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांचा झाला तर ५० टक्के रक्कम मिळते, अर्थात अतिवृष्टीसारखी रेल्वेच्या हाताबाहेरची कारणे युरोपच्या २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत वगळलेली आहेत.

पण दोन स्वतंत्र तिकिटे काढली असतील, तर इथेही बहुतेक वेळा हात वर केले जातात. स्वस्त मिळाले म्हणून तुकड्या-तुकड्यांनी तिकिटे काढणारे आपले विद्यार्थी यात हमखास सापडतात. इथल्या खिडकीवरची माणसे फार गोड बोलतात असेही नाही. आमच्या स्थानकावरच्या एक बाई तर तिकिटाकडे पाहून फक्त मान हलवतात. तरी त्या मान हलवून जे सांगतात ते नियमात बसते आणि पुढच्या गाडीत कोणी हटकत नाही, त्यामुळे त्यांच्या स्वभावाशी मला देणेघेणे उरत नाही.


गोदाकाठचा

सर्वांचे आभार. सईताईंचा प्रतिसाद वाचल्यावर माझी तक्रार मला अधिक नीट मांडता येते आहे. आपल्याकडे जोडलेल्या तिकिटांचा नियम पैसे परत देतो, पण माणसाला पुढे पोहोचवत नाही. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन रात्री फलाटावर बसलेल्या माणसाला भाड्याच्या रकमेपेक्षा पुढच्या गाडीतल्या दोन खालच्या बर्थची गरज असते. ते देण्याचा अधिकार त्या स्थानकावर एकाही माणसाकडे नाही, असे मी समजावे का?


निवृत्त_वाणिज्य

पूर्णपणे तसे नाही, परंतु आपण समजता त्याच्या बरेच जवळचे आहे. चार्ट (आरक्षणाची अंतिम यादी) लागल्यानंतर उरलेल्या जागा 'करंट' तिकीट म्हणून विकल्या जातात, आणि गाडीत रिकामा बर्थ असेल तर टीटीई तो भाडे घेऊन देऊ शकतो. पण हे सगळे जागा शिल्लक असतील तर. आपली गाडी चुकली म्हणून दुसऱ्या गाडीत आपल्यासाठी जागा राखून ठेवावी, अशी तरतूद खिडकीवरच्या कोणाच्याही हातात दिलेली नाही.

तरीही एकच परिस्थिती दोन पाळ्यांत वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळली जाताना मी पाहिली आहे. आमच्याकडे एक पर्यवेक्षक बाई होत्या. पावसाळ्यात घाटात दरड पडली की त्या खिडकीतून उठून बाहेर येत, उशिरा आलेल्या गाडीच्या दारापाशीच उभ्या राहत आणि उतरणाऱ्यांना मोठ्या आवाजात सांगत: पुढची गाडी गेली, तिकीट जमा करायचे असेल तर अमुक खिडकी, वेळ अमुक वाजेपर्यंत, करंटला इतक्या जागा दिसत आहेत. मग एका कागदावर गाडीच्या आगमनाची वेळ लिहून तो खिडकीच्या काचेला आतून चिकटवत, म्हणजे पुढच्या पाळीच्या लिपिकाला तीन तास कधी संपतात हे कोणाला विचारावे लागत नसे. त्यांच्यानंतरच्या पाळीत तोच कागद फाडून टाकलेलाही मी पाहिला आहे, कारण त्यामुळे खिडकीसमोर रांग वाढते.

खिडकीवरच्या माणसाची बाजूही सांगायला हवी. ई-तिकिटाचा परतावा त्याच्या यंत्रावर करता येतच नाही, त्यामुळे "ऑनलाइनच बघा" हे उत्तर उद्धट असले तरी खोटे नसते. एकाच वेळी आरक्षण, चौकशी आणि भांडणे हे सगळे त्याच्याच अंगावर येते. परंतु तीन तासांची मुदत सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि तेवढे न सांगणाऱ्याचे समर्थन मी करणार नाही.


खडखडाट

म्हणजे ज्या पाळीत त्या बाई असतील त्या पाळीतच गाडी चुकवावी, असे ठरले म्हणायचे.


मीनल_ठाणे

थट्टा बाजूला ठेवली तरी मुद्दा तोच आहे. एका बाईंच्या चांगुलपणावर चालणारी गोष्ट फलकावर का लावलेली नसते? तिकिटावर सामानाच्या वजनापासून ओळखपत्रापर्यंत सगळ्या सूचना छापलेल्या असतात. दोन तिकिटे जोडलेली असतील तर 'गाडी चुकल्यास तीन तासांत' ही ओळ त्याच तिकिटावर मराठीत यायला हरकत नसावी. पहिली गाडी उशिरा आहे आणि दुसरी सुटली आहे हे जोडलेल्या पीएनआरमुळे यंत्रणेला माहीत असते. त्याच वेळी मोबाइलवर संदेश पाठवणे फारसे अवघड नाही. चार्ट लागल्याचा संदेश येतो, मग हाही येऊ शकतो.


सह्याद्रीच्या_पल्याड

कोकणवासीयांसाठी एक जोड. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि स्वतंत्र वेळापत्रक लागू होते. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे होते. त्याआधी बरीच वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे असे. आपली नेहमीची गाडी पनवेलला किती वाजता येते हे ज्यांना तोंडपाठ आहे, तेच नेमके यात फसतात, कारण आरक्षण साठ दिवस आधी उघडते आणि एप्रिलच्या उकाड्यात जूनचे तिकीट काढताना पावसाळी वेळा कोणाच्या डोक्यात नसतात. गणपतीत तर एकेरी मार्गावर जादा गाड्यांची भर पडते. त्या दिवसांत पनवेल किंवा दिव्याला उतरून नाशिक-पुण्याकडे जाणाऱ्यांनी दोन तासांचा मेळ धरूच नये. मी स्वतः मधली एक गाडी सोडून त्यानंतरचीच घेतो. फलाटावर कंटाळा येतो, पण धाप लागत नाही.


शेजारची_बाकडी

एक शंका आहे. चुकलेली गाडी पुढच्या एखाद्या स्थानकावर टॅक्सीने किंवा दुसऱ्या जलद गाडीने गाठली, तर आपला बर्थ तिथे मिळतो का? माझे मामा खात्रीने सांगतात की दोन स्थानकांपर्यंत टीटीई जागा कोणाला देत नाही.


निवृत्त_वाणिज्य

मामांचे म्हणणे जुन्या दिवसांत बऱ्याच अंशी चालत असे, कारण तेव्हा कागदी चार्टवर खूण करत टीटीई डबे फिरायचा आणि त्यात वेळ जायचा. आता त्यांच्या हातात यंत्र असते. तुमच्या बोर्डिंग स्थानकावर तुम्ही दिसला नाहीत अशी नोंद झाली की ती जागा लगेच आरएसी (बर्थऐवजी फक्त बसायची जागा मिळालेल्या) किंवा प्रतीक्षा यादीतल्या प्रवाशाकडे जाऊ शकते, आणि एकदा गेली की ती परत मागता येत नाही. गाठायचीच असेल तर १३९ वर कळवून पाहा, पण त्या भरवशावर टॅक्सीवाल्याला हजारो रुपये देऊ नका. बोर्डिंग स्थानक बदलायचे असेल तर ते ठरलेल्या मुदतीत आधीच करावे लागते.


शेजारची_बाकडी

आभारी आहे. आणि खिडकीवरून काढलेले तिकीट असेल, गाडी रात्री दोन वाजता पोहोचली आणि आरक्षण केंद्र बंद असेल, तर तीन तासांत तिकीट जमा कुठे करायचे?


निवृत्त_वाणिज्य

मोठ्या स्थानकांवर रात्रीही एक चालू खिडकी असते, बहुधा साध्या तिकिटांचीच, तिथे विचारावे. ती नाकारू लागली तर उपस्टेशन अधीक्षकांकडे, आणि ते नसतील तर ड्यूटीवरच्या स्टेशन मास्तरांकडे जावे, कारण स्टेशन मास्तर चोवीस तास असतोच. तिकीट घ्यायला ते तयार नसतील तर किमान तक्रार पुस्तक मागावे, त्यात गाडीचा क्रमांक, पोहोचल्याची वेळ आणि तिकीट स्वीकारायला नकार मिळाल्याची वेळ लिहावी आणि त्या पानाची प्रत आपल्याकडे ठेवावी. तक्रार पुस्तक मागितल्यावर अनेकदा चालू खिडकीही सापडते.